निखारा आणि राख : मराठी ख्रिस्ती लेखनाविषयी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या चर्चच्या नाताळ अंकासाठी मी दरवर्षी एक लेख लिहितो. हे काम वडिलांकडून माझ्याकडे आले, घरातले जुने घड्याळ यावे तसे. गेल्या वर्षीचा लेख मी एका रविवारी दुपारी एका बैठकीत उरकला आणि पत्नीला वाचायला दिला. तिने अर्धे पान वाचले, उठून कपाटातली जुनी फाईल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "हे तुम्ही आधीच लिहिलंय."

मी फाईल चाळली. बावीस वर्षांचे बावीस लेख. गव्हाणी, मेंढपाळ, तारा, जगातला अंधार आणि त्यात आलेला प्रकाश. परिच्छेदांचा क्रमसुद्धा तोच. दोन लेखांत तर फक्त वर्ष बदललेले होते. मुख्याध्यापकाला परीक्षेत कॉपी पकडण्याची सवय असते; इथे कॉपी करणारा मीच आणि पर्यवेक्षकही मीच.

मी अश्रद्ध झालो होतो का? तसे म्हणता येणार नाही. रविवारची उपासना चुकत नव्हती, जेवणापूर्वीची प्रार्थना होत होती. पण लिहिताना बोटांना ऊब लागत नव्हती. एका वडीलधाऱ्या पाळकसाहेबांना हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "प्रार्थना कमी पडते." पडत असेलही. पण मी मराठीचा मास्तर. धारवाडला एम. ए. केले तेव्हापासून एक खोड लागली आहे : दुखणे आयुष्यात असले तरी औषध पुस्तकात शोधायचे. श्रद्धावान लेखकाचे लेखन थंड का पडते आणि ते पुन्हा पेटते कशाने, हा प्रश्न घेऊन मी गेले वर्षभर मराठीतले जुने ख्रिस्ती लेखक पुन्हा वाचले. त्या वाचनात जे हाती लागले ते इथे मांडतो.

सुरुवात आमच्या गावापासून. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. कासार घराण्यातला हा मुलगा मिशनच्या शाळेत शिकला आणि १८५४ साली त्याने बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव अभ्यासक्रमात असते. विद्यार्थी वर्ष पाठ करतात, विषय पाठ करतात आणि पुस्तक सोडून देतात. मीही तेच केले होते.

या वेळी वाचताना असे जाणवले की या पुस्तकात दोन लेखक आहेत. एक ऐकणारा, दुसरा सांगणारा. यमुना आणि तिचा पती प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवा स्त्रियांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात. केशवपन, उपासमार, घरातल्यांची बोलणी, कोंडलेले तारुण्य. हे सारे लिहिताना पदमनजी बाजूला उभे राहतात आणि त्या बायकांना बोलू देतात. तिथे गद्य जिवंत आहे. आणि जिथे लेखक पुढे येऊन निष्कर्ष सांगतो, वाचकाला ख्रिस्ती धर्माच्या दारापर्यंत बोट धरून नेतो, तिथे तेच गद्य प्रवचन होते. कारण त्या पानांचा शेवट लेखकाला आधीच ठाऊक आहे. वाटेत त्याला काही नवे भेटणार नाही, म्हणून वाचकालाही भेटत नाही.

यावरून पदमनजींची श्रद्धा खोटी होती असे कुणी समजू नये. धर्मांतरासाठी त्या माणसाने काय सोसले हे त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आहे, आणि ते आजही मन लावून वाचावे असे आहे. माझे म्हणणे एवढेच की श्रद्धा खरी असूनही लेखन थंड पडू शकते. श्रद्धेचा खरेपणा हा लेखनाचा जामीनदार नव्हे. माझ्या बावीस लेखांनाही तो वाचवू शकला नाही.

पदमनजींच्या मागे जवळजवळ अडीचशे वर्षे गेले की फादर थॉमस स्टीफन्स भेटतात. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तिथेच वारला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. आपल्याकडे स्टीफन्सचे एकच स्थळ सर्वांना पाठ असते : त्याने मराठीची जी स्तुती केली आहे, त्या उपमांच्या ओव्या. मराठी दिन आला की त्या ओव्या फळ्यावर लिहिल्या जातात. आमच्या शाळेतही लिहिल्या जातात आणि मीच त्या लिहायला सांगतो. उरलेल्या ओव्या मात्र कुणी उघडत नाही. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत आणलेली प्रत मी धारवाडच्या ग्रंथालयात प्रथम पाहिली, तेव्हा तीही बरीचशी कोरी करकरीत होती.

पूर्ण वाचले तर ती स्तुती वेगळी ऐकू येते. स्टीफन्स ज्या सत्तेबरोबर आला ती साधीसुधी नव्हती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० सालीच सुरू झाले होते. देवळे पाडली गेली होती, लोकांच्या जुन्या पोथ्या त्यांच्या हातून गेल्या होत्या. पुराणाच्या आरंभीच एक नवा ख्रिस्ती झालेला माणूस पाद्रीला विचारतो की आमच्या जुन्या पोथ्यांना मनाई झाली, मग आम्ही वाचायचे काय? या प्रश्नात गाऱ्हाणे आहे, आणि स्टीफन्सने ते आपल्याच ग्रंथात येऊ दिले. पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे त्या गाऱ्हाण्याला दिलेले उत्तर. ते उत्तर देण्यासाठी त्याला हरलेल्या माणसांचीच ओवी हाती घ्यावी लागली. सत्ता त्याच्या बाजूची होती, शब्द मात्र समोरच्याचे. तो मराठीचे गोडवे गातो ते पाहुण्याने यजमानाच्या घराचे कौतुक करावे तसे नव्हे. आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटते ते सांगण्यासाठी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर वाकावे लागले, त्या वाकण्यातली ती कृतज्ञता आहे. ज्या सत्तेने हे घडवले तिचा हिशेब इतिहासात मांडलेला आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण लेखनापुरते पाहिले तर जुन्या श्रद्धेला नवी ऊब आली ती परक्या भाषेत पहिल्यापासून शब्द शोधावे लागल्यामुळे. तयार शब्द त्याला मिळाले नाहीत, हे त्याचे भाग्य.

माझे दुर्दैव नेमके उलटे. मला सगळे शब्द तयार मिळाले.

आता रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या आयुष्यात दोन वळणे आहेत आणि आपण पहिल्याचीच गोष्ट सांगतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार हाती दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने मन धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आमच्या समाजात लहान मुलांनाही ठाऊक असते.

दुसरे वळण १९१७ सालचे. तोपर्यंत टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात दोन दशके मुरलेले होते. अहमदनगरला शिकवत होते, 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळत होते, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव होते. बालकवींसारखा मुलगा त्यांच्या घरी राहून गेला होता. उपासनेत गायिली जाणारी त्यांची पदे मराठी ख्रिस्ती घरांत पोचली होती. अशा वेळी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला जाऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही एकत्र येऊन ख्रिस्ताच्या मागे चालावे, अशी ती कल्पना. दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

संस्था म्हणून दरबार फार टिकला नाही, म्हणून चरित्रकार या भागावर थोडे घाईने जातात. मला मात्र तोच भाग महत्त्वाचा वाटतो, कदाचित मीही आज त्याच वयाचा आहे म्हणून. पहिल्या वेळी टिळकांनी घरदार सोडले. ते तरुण वयात अनेकांना जमते. दुसऱ्या वेळी त्यांनी सोडली ती खुर्ची. ज्या श्रद्धेने आयुष्य पेटवले तीच श्रद्धा महिन्याच्या महिन्याला पगार देऊ लागली की तिच्याविषयी खरे लिहिणे अवघड होते. मिशनने त्यांना छळले असे नाही. पण नोकरीत माणूस प्रवक्ता होतो, आणि प्रवक्त्याला शंका परवडत नाही.

टिळकांचे अभंग सगळेच सारखे नाहीत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. सिद्धान्त समजावून देण्यासाठी रचलेली त्यांची पदे आज कोरडी वाटतात. यमके जुळतात, मन हलत नाही. पण जिथे ते ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारतात तिथे काहीतरी वेगळेच घडते. त्या हाकेत वारकऱ्यांची सगळी परंपरा येऊन उभी राहते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यातली मोलाची गोष्ट ही की पलीकडे पोचल्यावर त्यांनी तो पूल मोडला नाही. त्यांच्या आधीच्या मराठी उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गाणी होती. टिळकांनी अभंग आणला, कीर्तन आणले, आणि आमच्या आज्या-पणज्यांना पहिल्यांदाच देवाशी घरच्या भाषेत बोलता आले.

याचा एक पुरावा माझ्या घरचा आहे. आई टिळकांचा एक अभंग वारकरी चालीत म्हणत असे. आमच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी ओट्यावर बसत, त्यांनाही तो ऐकून ऐकून पाठ झाला. एकदा एकीने विचारले, "कुणाचा गं हा अभंग?" आई म्हणाली, "टिळकांचा." त्या मावशी भक्तिभावाने म्हणाल्या, "लोकमान्य अभंगपण लिहीत होते?" आई हसली आणि तिने काही दुरुस्ती केली नाही. लहानपणी मला तो विनोद वाटे. आता वाटते, कवीला याहून मोठे मानपत्र कोण देणार?

टिळकांपेक्षाही मला ज्यांनी अधिक शिकवले त्या लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासूनच्या दोन-तीन वर्षांत भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा या बाई त्याच्यामागे गेल्या नाहीत. पाच वर्षे त्या आपल्या जुन्या धर्मातच राहिल्या, त्यातला बराच काळ नातेवाइकांच्या आसऱ्याने. पुढे नवऱ्याजवळ येऊन राहिल्या तरी सोवळे-ओवळे सुटले नव्हते. जातपात आणि विटाळ मनातून गेला तो कुणाच्या उपदेशाने नव्हे, एकटीने केलेल्या विचाराने. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हे सगळे त्या सांगतात कसे, ते पाहावे. स्वतःच्या भीतीवर हसतात, टिळकांच्या भोळेपणावर आणि रागावर हसतात, नव्या ख्रिस्ती मंडळींच्या विसंगतींवरही हसतात. कुठेही वाचकाला गुडघे टेकायला सांगत नाहीत. मराठीतले सर्वोत्तम ख्रिस्ती गद्य कोणते असे विचारले तर मी 'स्मृतिचित्रे'चे नाव घेईन, आणि त्यात प्रवचन शोधूनही सापडणार नाही. कारण बाईंनी श्रद्धा आयती घेतली नाही. एकेक पायरी तपासून, ठेचकाळत, रडत, चिडत त्या वर आल्या. ठेचांची आठवण त्यांनी पुसली नाही, म्हणून शेवटपर्यंत ती श्रद्धा त्यांच्या हाताला गरम लागत राहिली. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते; तेही शाळेचे तोंड न पाहिलेल्या याच बाईंनी, पुष्कळसे अध्याय स्वतः रचून, पुढे नेले. काव्य म्हणून ते 'स्मृतिचित्रे'च्या जवळ येत नाही. पण उतारवयात एवढे ओझे उचलावेसे वाटणे, यालाच मी उत्कटता म्हणतो.

आपल्या काळातले उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, आणि ख्रिस्ती मासिकात इतर धर्मांच्या लेखकांना त्यांनी मनापासून जागा दिली. त्यांचे 'सुबोध बायबल' ही मोठ्या धीराची गोष्ट आहे. पण त्यांच्या गद्याला जी धार आहे ती मला देवळाबाहेर आलेली वाटते. वसईच्या विहिरी, वाड्या आणि झाडे वाचवण्याच्या चळवळीत ते उतरले, धमक्या सोसल्या, आणि त्यानंतर त्यांच्या लिखाणातल्या 'न्याय', 'भूमी', 'पाणी' या शब्दांना वजन आले. हे शब्द बायबलमध्येही आहेत. पण टँकर अडवायला उभ्या राहिलेल्या बायकांमध्ये बसून आल्यावर ते पुन्हा नवे होतात. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काहींनी धर्मावरून विरोध केला. फादर २०२४ च्या जुलैत गेले, तेव्हा मला आपला एक वकील गेल्यासारखे वाटले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पगार सोडा, शंका जपा, चळवळीत उतरा, मग लेखन पेटेल, असे मी सांगतो आहे का? नाही. नोकरी न सोडता, चळवळीत न पडता उत्तम भक्तिकाव्य लिहिणारे झालेले आहेत, आणि सगळे सोडूनही रद्दी लिहिणारे त्याहून जास्त. पुन्हा, शंका हीसुद्धा एक तयार भाषा होऊ शकते; आजकाल तर तीच अधिक खपते. मला दिसले ते एवढेच की या चौघा-पाच जणांचे लेखन जिथे जिथे जिवंत आहे तिथे लेखकाला उत्तर अजून मिळायचे आहे. पदमनजी विधवेचे ऐकत असतात, स्टीफन्स शब्द शोधत असतो, टिळक आईला हाक मारत असतात, लक्ष्मीबाई पाण्याच्या भांड्याकडे पाहत विचार करत असतात, दिब्रिटो विहिरीशी उभे असतात. आणि जिथे उत्तर हाती आले, तिथे राख आहे. श्रद्धा नवी करणे म्हणजे अधिक मोठ्याने म्हणणे नव्हे. जे पाठ झाले आहे ते क्षणभर विसरून पुन्हा पहिल्यांदा ऐकणे, एवढेच ते असावे.

सीमाभागातल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हे जास्त लागू आहे. आम्ही मराठी माणसांत ख्रिस्ती म्हणून वेगळे, ख्रिस्ती माणसांत मराठी म्हणून मागे, आणि राज्यात दोन्ही अर्थांनी थोडे. आमच्या चर्चमध्ये आता मराठी उपासना सकाळी लवकर आटोपते. पुढची वेळ इंग्रजीची असते, आणि तिथे माझ्याच घरची तरुण मुले बसतात. त्यांना दोष देत नाही. बावीस वर्षे मी त्यांना मराठीत तेच ते वाचायला दिले. भाषा मरते ती बाहेरच्या दडपणाने, हे आपण नेहमी म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. पण आपण तिच्यात नवे काही बोलत नाही म्हणूनही ती मरते, हे म्हणायला आपल्याला आवडत नाही.

गेल्या डिसेंबरात मी तो लेख फाडला. त्याऐवजी आईवर दोन पाने लिहिली : ओट्यावरची संध्याकाळ, तो अभंग, आणि तिच्या दफनाच्या दिवशी गल्लीतल्या त्या मावशींनी कबरीपाशी, कुणी न सांगता, तोच अभंग कसा सुरू केला. तेव्हा आमचे पाळकसाहेब थांबले, आम्ही थांबलो, आणि त्या एकट्या म्हणत राहिल्या. मी हे कधीच लिहिले नव्हते. नाताळच्या अंकात ते बसत नाही असे मला वाटत आले होते. अंकाच्या संपादकांनाही तसेच वाटले. त्यांनी अर्धा लेख कापला आणि शेवटी ताऱ्याविषयी चार ओळी घातल्या. वाईट वाटले, पण पुष्कळ वर्षांनी आपल्या लेखातले काही कापले गेल्याचे वाईट वाटले, हेही कमी नाही. आधीच्या लेखांतले काहीही कापले असते तरी मला कळले नसते.

यंदाचा लेख अजून लिहून झालेला नाही. दोनदा सुरुवात केली, दोनदा खोडली. पत्नी रोज विचारते आणि मी रोज उद्या म्हणतो. पण ती जुनी फाईल मी या वर्षी कपाटातून काढलेली नाही.